चोवीस वर्षांनंतरची उमेदवारी

सगळं नीट पार पडलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको मार्लिस म्हणते, गोष्ट सांगताना शेवट राखून ठेवावा. तिचं काय जातंय? मुख्याध्यापकीचा परवाना माझा जाणार होता. आता तो परत माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे, काचेत, जरासा तिरका, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवतो. काल दूधवाल्यालाही दाखवला.

माझा अपराध एवढाच, की मी स्टाफरूममध्ये तोंड उघडलं. सप्टेंबरातला मंगळवार होता. पेपरात बातमी होती की आमच्या राज्यात मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण फार वाईट होतं, असा शोध एकतीस जणांच्या समितीने तीन वर्षं खपून लावला आहे. होणाऱ्या मुख्याध्यापकांना कायदा शिकवतात, अंदाजपत्रक शिकवतात, पण समोर बसून रडणाऱ्या बाईंना काय म्हणायचं हे कोणीच शिकवत नाही. तेव्हा यापुढे राज्यातल्या झाडून सगळ्या विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम मोडून नव्याने रचावेत, आणि प्रत्येक उमेदवाराने वर्षभर खऱ्या शाळेत, खऱ्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली काम करावं. मी मफिन खात म्हणालो, "अगदी बरोबर! गेली चोवीस वर्षं मी हेच सांगतोय."

गेल्या चोवीस वर्षांत मी असं एकदाही काही सांगितलं नव्हतं. पण मफिन खाताना माणूस जरा सैल बोलतो.

"मग मार्गदर्शक म्हणून नाव दे की," डोरीन म्हणाली. डोरीन आमच्या हॅडली गावच्या शाळेची कारकून. म्हणजे पगारपत्रकात कारकून. एरवी शाळा तीच चालवते आणि मला अधूनमधून कळवते. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळी शाळा एकाच इमारतीत, त्यामुळे तिला ते जड जात नाही.

फॉर्म चार पानी होता. तो भरताना माझ्या डोळ्यांसमोर एक सुंदर चित्र उभं राहिलं: मी वऱ्हांड्यातून चाललोय, मागून कोणीतरी वही घेऊन येतंय, मी मध्येच थांबून एखादं वाक्य टाकतोय आणि मागे पेन्सिलीची कुरकुर ऐकू येतेय. मी सही ठोकली.

उमेदवार म्हणून आली जोलीन व्राबेक. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते. वय एकेचाळीस, दोन मुलं, आवाज खणखणीत. चौदा वर्षांची असताना ती माझ्या इतिहासाच्या वर्गात होती, त्यामुळे अजून मला 'मिस्टर केसनिक' म्हणते. "अगं, आता आपण सहकारी. ड्वेन म्हण," असं मी सांगितलं, तर बिचारी लाल झाली आणि दोन दिवस मला काहीच म्हणेना. तिसऱ्या दिवशी आग लागल्यावर बाहेर पडायच्या सरावात मला लांबून हाक मारायची वेळ आली, तेव्हा पुन्हा 'मिस्टर केसनिक'वर आली. मीही नाद सोडला.

पंधरा दिवसांनी राजधानीहून पत्र आलं. मार्गदर्शक व्हायची इच्छा दाखवल्याबद्दल त्यांना अतिशय आनंद झाला होता. त्या निमित्ताने माझी जुनी कागदपत्रं तपासली असता त्यांना असं आढळलं होतं, की मुख्याध्यापक होण्यापूर्वी करायची तीनशे तासांची उमेदवारी मी केलेलीच नाही.

आता हे खरंही होतं आणि खोटंही. माझ्या आधीचे मुख्याध्यापक म्हणजे म्हातारे टोरवाल्ड लीन. मी त्यांच्या हाताखाली उमेदवार म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला, बॉयलरला लाथ डाव्या बाजूने मारायची एवढं सांगितलं आणि ते मासे पकडायला गेले. वसंत ऋतू संपल्यावर परत आले. तास मोजायला होतं कोण तिथे? मी फोन लावला.

पलीकडची बाई इतकी गोड बोलत होती की रागावता येईना. "मिस्टर केसनिक, तुम्ही अर्ज केला नसतात तर आम्ही ते पान कधी उघडलंच नसतं."

"मग मी अर्ज मागे घेतो."

"घ्या ना, जरूर घ्या! पण पान आता उघडलंय हो."

उघडलेल्या पानाचा अर्थ असा होता: येत्या तीस जूनपर्यंत मी तीनशे तासांची उमेदवारी, एक सुधारणा प्रकल्प आणि राज्याच्या निरीक्षकांकडून एक पाहणी एवढं पार पाडायचं. नाहीतर परवाना रद्द. आणि परवाना रद्द म्हणजे नोकरी गेली, इतकं साधं नव्हतं. आमच्यासारख्या गावाला नवा मुख्याध्यापक कुठून मिळणार? शाळा मंडळाने पुढचं ठरवूनच टाकलं: तसं झालं तर हॅडलीची शाळा नऊ मैलांवरच्या वेल्डनच्या मुख्याध्यापकाकडे सोपवायची. वेल्डनचा मुख्याध्यापक कर्टिस ब्रँडव्होल्ड. हा माणूस जीन्सला इस्त्री करतो. वेल्डनचा फुटबॉल संघ आम्हाला अकरा वर्षं सलग हरवतोय आणि दर वेळी सामन्यानंतर कर्टिस माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणतो, "छान खेळली तुमची मुलं." त्याच्या हाती आमची शाळा! त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

"पण उमेदवारी करायची कोणाच्या हाताखाली?" मी फोनवरच्या बाईंना विचारलं.

"तुमच्या जिल्ह्यात प्रमाणित मार्गदर्शक दोनच दिसतायत. एक मिस्टर ब्रँडव्होल्ड."

"दुसरं सांगा."

"दुसऱ्या... जोलीन व्राबेक. नव्या तुकडीच्या उमेदवारांना आम्ही सुरुवातीलाच दोन आठवड्यांचा मार्गदर्शनाचा वर्ग दिला होता ना, त्यात त्या पहिल्या आल्या."

"ती माझी उमेदवार आहे!"

कळफलकाची टकटक ऐकू आली. "तीस जूनपर्यंत तुम्ही त्यांचे तात्पुरते मार्गदर्शक राहू शकता. आणि त्या तुमच्या. नियमात कुठे 'नाही' असं लिहिलेलं नाहीये."

म्हणजे मी जोलीनला मुख्याध्यापक व्हायला शिकवणार, आणि जोलीन मला. शिवाय मी नापास झालो तर माझ्याखाली काढलेलं तिचं वर्षही फुकट जाणार होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने वही उघडून तारखा बघितल्या. मग म्हणाली, "शुक्रवारी पावणेचारला जमेल तुम्हाला?"

माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एक माझी, फिरती. दुसरी समोरची, शिक्षा झालेल्या मुलांसाठी. तिचे पाय लीनसाहेबांनी चार इंच कापून ठेवलेत, म्हणजे बसणाऱ्याला आपली पायरी कळते. दर शुक्रवारी सव्वातीन ते पावणेचार मी फिरत्या खुर्चीतून जोलीनला मार्गदर्शन करायचो. पावणेचारला आम्ही दोघं उठायचो, टेबलाला वळसा घालायचो आणि मी छोट्या खुर्चीत बसायचो. माझे गुडघे हनुवटीला लागायचे. मी एकदा सुचवलं की खुर्च्या तशाच राहू द्याव्यात. जोलीन संकोचून म्हणाली, "वर्गात सांगितलंय की बैठकीची रचना महत्त्वाची असते."

मग ती कागदावरचे प्रश्न वाचायची. "या आठवड्यात तुम्ही कोणाचं ऐकून घेतलंत?"

"सगळ्यांचं."

"म्हणजे कोणाचं?"

"...डोरीनचं."

"डोरीनचं सगळेच ऐकतात. ते धरत नाहीत, मिस्टर केसनिक."

आणि ती काहीतरी लिहून घ्यायची. पेन्सिलीची ती कुरकुर मी मनात कल्पिली होती तशीच होती. फक्त दिशा उलटी.

गावात गुप्तता म्हणून एक गोष्ट असते, पण ती हॅडलीत राहत नाही. बुधवारी धान्याच्या कोठाराजवळच्या कॉफीच्या टेबलावर एकाने विचारलं, "काय ड्वेन, मुख्याध्यापक व्हायचं शिकतोयस म्हणे?" दुसरा म्हणाला, "जमेल रे, प्रयत्न केला की जमतं." गुरुवारपर्यंत आमच्या घरी तीन हॉटडिश येऊन पडल्या होत्या. खाली कीमा, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. चर्चच्या बायका हा पदार्थ ज्या घरी कोणी वारलंय तिथे नेतात. तिघीही दारात मान वाकडी करून उभ्या राहिल्या आणि मार्लिसचा दंड दाबून गेल्या. मी आतून ओरडलो, "मी जिवंत आहे!" तर तिसरी हळू आवाजात मार्लिसला म्हणाली, "चिडचिड होणारच गं." हॉटडिश मात्र तिन्ही उत्तम होत्या.

सगळ्यांत जास्त सल्ले शेजारच्या मर्लने दिले. मर्लने तीस वर्षं टपाल वाटलंय, आणि गावातल्या प्रत्येक घराची पत्रं हाताळल्यामुळे प्रत्येकाचे प्रश्न आपल्याला माहीत आहेत, असं त्याला वाटतं. कुंपणावर कोपरं टेकून तो म्हणाला, "ड्वेन, प्रकल्प छोटा घे. वाचन-गणित वगैरेत पडू नकोस, ते सुधारत नसतं. शाळा सुटताना पोरांना न्यायला गाड्या येतात ना, ती रांग घे. गाड्या मोजता येतात. मिनिटं मोजता येतात. राज्याला आकडे दिले की ते खूश."

"करायचं काय पण?"

"बाण रंगव. माणसाला बाण दिसला की विचार करावा लागत नाही."

कल्पना वाईट नव्हती. आमच्या शाळेसमोरच्या आवारात दुपारी तीन वाजता सत्तर-एक गाड्या येतात आणि ज्याला जसं सुचेल तसा तो शिरतो. जोलीनला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी पालकांना विचारायला हवं." तिने प्रश्नावली काढली. दोनशे बारा उत्तरं आली. त्यातल्या एकशे नव्वद जणांनी 'चाललंय ते ठीक आहे' असं लिहिलं होतं, बाकीच्यांनी जोलीनच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली होती.

तरी मी बाण काढलेच. खिडकीत बसून, आवाराकडे बघत, पट्टी घेऊन छान नकाशा केला आणि शाळेच्या गसला दिला. गस बॉयलरही सांभाळतो, गवतही कापतो. नकाशाच्या वर कुठली बाजू, हे मी लिहिलं नव्हतं. मला वाटलं, खिडकी सगळ्यांनाच ठाऊक आहे. गसने तो बॉयलरच्या खोलीच्या दाराशी उभं राहून वाचला. ती खोली आवाराच्या बरोबर समोरच्या टोकाला आहे. अर्धे बाण काढून झाल्यावर मी बाहेर जाऊन त्याला दिशा सांगितली, त्यामुळे उरलेले अर्धे बरोबर आले. सोमवारी दुपारी तीनला पूर्वेच्या फाटकातून बाणांप्रमाणे छत्तीस गाड्या आल्या, पश्चिमेच्या फाटकातून बाणांप्रमाणे चौतीस, आणि झेंड्याच्या खांबापाशी दोन्ही रांगांची तोंडाला तोंडं लागली.

दुसऱ्या गावात असं झालं असतं तर भोंगे वाजले असते, दोन शिव्या गेल्या असत्या आणि पाच मिनिटांत रस्ता मोकळा. आमच्याकडे भोंगा कोणी वाजवत नाही. आमच्याकडे समोरच्याला आधी जाऊ देतात. पूर्वेच्या रांगेत पुढे आर्लिन हॉफबावर होती, पश्चिमेच्या रांगेत रॉय टेस्के. आर्लिनने हात केला: तुम्ही आधी. रॉयने टोपीला हात लावला: छे छे, तुम्ही. आर्लिन हसली, मान हलवली, पुन्हा हात केला. हे बारा मिनिटं चाललं. मग दोघांनाही एकाच वेळी वाटलं की आपण मागे सरून जागा करून द्यावी. त्यांच्या मागच्यांनाही तसंच वाटलं, त्यांच्याही मागच्यांना, आणि अशा रीतीने दोन्ही फाटकं सौजन्याने गच्च भरली. शेवटचं मूल त्रेचाळीस मिनिटांनी घरी गेलं. जोलीनने वहीत आकडा लिहिला.

बाण खोडायचे तर वरून काळा रंग द्यायला हवा, आणि तो थंडीत डांबरावर धरत नाही. नोव्हेंबर लागला होता. मग बर्फ पडला, बाण खाली गेले, आणि लोक पूर्वीसारखे सुचेल तसे शिरायला लागले. रांग पंधरा मिनिटांत मोकळी होऊ लागली. जोलीनने दर आठवड्याला आकडे भरले, राजधानीतून उत्तर आलं, 'त्रेचाळीसवरून पंधरा, अभिनंदन, उल्लेखनीय सुधारणा.' मी पत्र फायलीत लावलं. काय बोलणार होतो? बर्फाने केलं म्हणून?

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि एकेक बाण वर आला. गस रंगाचा डबा घेऊन तयार होता, पण पाऊस लागला तो तीन आठवडे थांबेना. बाण तसेच. शेतं चिखलाने भरली, पेरण्या अडल्या, ट्रॅक्टर शेडांत उभे राहिले. आणि इथेच माझं घोडं पुन्हा अडलं. आमच्या शाळेत वर्षातून एकदा बारावीची मुलं ट्रॅक्टर घेऊन शाळेत येतात. फार जुनी रीत. यंदा तो दिवस फेब्रुवारीत होता, हिमवादळामुळे पुढे गेला. मग मार्चमध्ये, तोही पुढे गेला. मग मुलांनी विचारलं, पेरण्या अडल्याच आहेत तर आठ मे चालेल का? मी बघितलं न बघितलं करून सही केली. राज्याच्या निरीक्षक बाई पाहणीला कधी येणार होत्या? आठ मेला. तेही पत्र माझ्याच टेबलावर होतं, माझ्याच सहीसकट.

निरीक्षक बाईंचं नाव मिसेस पेटिट. बारीक चणीच्या, शांत, हातात पाटीसारखं यंत्र. दिवसभर त्या माझ्यामागून फिरल्या. मी वर्गात गेलो, त्या आल्या. मी जेवणाच्या खोलीत गेलो, त्या आल्या. मी एका पहिलीतल्या मुलीच्या नाकातून वाटाणा काढला तेही त्यांनी नोंदवलं. सगळं बरं चाललं होतं. तीन वाजता त्या म्हणाल्या, "तुमचा रांगेचा प्रकल्प मला पालकाच्या नजरेने बघायचाय. मी माझी गाडी घेऊन रांगेतच बसते."

"आज जरा..." मी म्हणालो.

"आज काय?"

आज एकोणीस ट्रॅक्टर होते.

मी चमकदार पिवळं जाकीट घालून शिट्टी घेऊन आवारात उभा राहिलो. जोलीन माझ्या शेजारी होती. पाहणी चालू असताना मार्गदर्शकाने हस्तक्षेप करायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, असा नियम आहे. झेंड्याच्या खांबापाशी एका बाजूने मिसेस पेटिटची करडी छोटी गाडी आली, सरकारी पाटीची. समोरून बाणाप्रमाणे आला आर्लिनच्या थोरल्या मुलीचा, कॅरिसचा, घराएवढा हिरवा ट्रॅक्टर. दोघी थांबल्या. कॅरिसने वरून पंजा हलवला: तुम्ही आधी. पाहुण्या बाईंच्या आधी ती कशी जाणार? मिसेस पेटिटनी काचेतून हसून हात केला: नाही, तुम्ही. गावच्या कार्यक्रमात त्या आगंतुक, त्या कशा आधी जाणार? मागे ट्रॅक्टर, गाड्या, ट्रॅक्टर, आणि सगळ्यांत मागे बालवाडीच्या सहलीहून परतणारी शाळेची तीन नंबरची बस.

दहा मिनिटं झाली. मी शिट्टी वाजवली. सगळ्यांनी हसून माझ्याकडे हात हलवले. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या. सगळ्यांनी त्याच खुणा समोरच्याला केल्या. वीस मिनिटं झाली. कमरेच्या वॉकीटॉकीवर तीन नंबरची चालक लव्हॉन बोलली, "ड्वेन, माझ्याकडे बालवाडीची सहा पोरं आहेत आणि सहाच्या सहांना लागलीय. दोघं रडतायत. दार उघडून खाली सोडावं तर चहूकडे ट्रॅक्टरची चाकं. काहीतरी कर."

"जोलीन," मी म्हणालो, "सांग ना काय करू."

"मी फक्त प्रश्न विचारू शकते."

"मग विचार!"

तिने कागद बघितला नाही. "आत्ता कोणाला काय सांगायची तुम्हाला लाज वाटतेय?"

उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते करड्या रंगाचं होतं. ती गाडी हलल्याशिवाय कॅरिस हलणार नव्हती, कॅरिस हलल्याशिवाय कोणीच नाही. पण त्या गाडीत बसलेल्या बाईंच्या हातात माझा परवाना होता, जोलीनचं वर्ष होतं, शाळा होती. आणि ते सोडा. पाहुण्याला 'बाजूला व्हा' असं म्हणणारा माणूस मी हॅडलीत आजवर पाहिलेला नाही. माझे वडील तर आग लागली तरी पाहुण्यांची कॉफी संपायची वाट बघत थांबले असते. तरी मी चालत गेलो. सगळं गाव बघत होतं.

मिसेस पेटिटनी काच खाली केली. "किती सुसंस्कृत लोक आहेत हो तुमच्याकडचे! मी त्यांना मघापासून सांगतेय, तुम्ही आधी जा, पण ऐकतच नाहीत."

"बाई, तुम्ही पाहुण्या आहात. तुम्ही हलल्याशिवाय हे गाव इथून हलणार नाही."

"पण ते बरं दिसणार नाही. त्यांना आधी—"

"मिसेस पेटिट," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "गाडी काढा. आत्ता. ही विनंती नाही."

कॅरिसने ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं. बहुधा नीट ऐकू यावं म्हणून. मिसेस पेटिटनी माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, गिअर टाकला आणि निघाल्या. त्यांच्यामागे ट्रॅक्टर, त्यामागे गाड्या. नऊ मिनिटांत आवार रिकामं. तीन नंबरची बस दाराशी लागली आणि सहा पोरं धावत आत गेली. पाचजण वेळेत पोचले.

मिसेस पेटिट मात्र परत आल्याच नाहीत. त्यांच्यापुढचा बाण थेट महामार्गाकडे जात होता, आणि त्या तशाच राजधानीला निघून गेल्या. पाहणीनंतर अर्धा तास चर्चा व्हायची होती, ती राहिली. त्यांचा कोट माझ्या खोलीत खुंटीवर लटकत होता.

"तू राज्याला हाकलून दिलंस?" मार्लिसने घरी विचारलं.

"हाकललं नाही. पुढे काढलं."

"ड्वेन."

"हो. हाकललं."

मग अकरा दिवस पत्राची वाट. तसे दिवस कोणावर येऊ नयेत. कॉफीच्या टेबलावर माझ्याशी कोणी थट्टा करेना, हे सगळ्यांत भीतीदायक होतं. मर्लही सल्ले द्यायचा थांबला. कुंपणापलीकडून नुसताच 'बरंय ना' म्हणायचा. एक दिवस कर्टिस ब्रँडव्होल्ड 'सहज, इकडे आलो होतो म्हणून' शाळेत डोकावला आणि कोणत्या दाराला कुठली किल्ली, असं डोरीनला विचारू लागला. डोरीनने त्याला हसून बॉयलरच्या खोलीत नेलं आणि तिथे गसच्या ताब्यात दिलं. गसने त्याला बॉयलरचा सगळा इतिहास सांगितला. इस्त्रीच्या जीन्ससकट तो दोन तासांनी बाहेर आला. मला हसू यायला हवं होतं, पण मी खिडकीतून बघत होतो आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की या माणसाला पहिलीतल्या मुलांची नावं तरी माहीत होतील का.

बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, डोरीन उघडलेलं पाकीट घेऊन आली. माझी पत्रं ती नेहमीच उघडते. तिचा चेहरा बघून मला काही कळेना, कारण तिचा चेहरा तसाच असतो.

"वाचू?" ती म्हणाली.

"वाच."

"'उमेदवाराचं नाव, ड्वेन केसनिक. तास पूर्ण. प्रकल्प पूर्ण. मार्गदर्शकाचा शेरा: तयार. निरीक्षकांचा शेरा—'" इथे तिने चष्मा वर सरकवला. "'सव्वीस मिनिटं मला वाटत होतं की मी सभ्यपणा दाखवते आहे. प्रत्यक्षात मी रस्ता अडवून बसले होते. हे मला सांगायला एकच माणूस आला. या वर्षी राज्यभरात मी केलेल्या अडतीस पाहण्यांमध्ये हे प्रथमच घडलं. तयार. ता. क. माझा कोट पाठवून द्यावा.'"

जोलीनही पास झाली होती, तिचं पत्र खालीच होतं. वर्षभर छातीवर काहीतरी बसलेलं होतं ते उठून गेलं, आणि त्याच्या जागी एवढी हवा आत आली की मला ठसका लागला. डोरीनने पाणी दिलं. "आता मफिन खाताना जपून बोलत जा," ती म्हणाली आणि कोट घडी घालायला घेऊन गेली.

तीन वाजता मी जाकीट घालून आवारात गेलो. गसने आदल्याच आठवड्यात सगळे बाण काळ्या रंगाने बुजवून टाकले होते. पहिली गाडी आली आर्लिनची. मी हाताने 'पुढे' अशी खूण केली, पण ती थांबली आणि तिने काच खाली केली.

"ड्वेन, पत्र आलं म्हणे."

"आलं."

"म्हणजे तो वेल्डनवाला येत नाही ना आता?"

"नाही. मीच आहे."

तिने स्टिअरिंगकडे बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली. गाडी मात्र हलेना. "आम्ही सगळे फार घाबरलो होतो रे."

आमच्याकडे असं तोंडाने कोणी म्हणत नाही. मी नुसती मान हलवली. तिच्यामागे रॉय टेस्के होता. त्यानेही काच खाली केली. "राहतोयस ना?" "राहतोय." "चांगलं." त्याच्यामागे आणखी कोणीतरी, त्याच्यामागे लव्हॉनचा नवरा, मग ज्यांची नावं मला पटकन आठवेनात असेही दोघं-तिघं. प्रत्येक गाडी थांबत होती, प्रत्येक काच खाली येत होती, आणि सगळे जण तोच एक प्रश्न विचारत होते. वर्षभर यांच्यातला एकही जण मला काही बोलला नव्हता. मला वाटलं होतं, गाव मजा बघतंय. रांग फाटकाबाहेर गेली, कोठारापर्यंत गेली. मी शिट्टी तोंडाशी नेली खरी, पण तेवढ्यात पुढची काच खाली आली आणि शिट्टी तशीच हातात राहिली.

जोलीनने येऊन शिट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "मिस्टर केसनिक, तुम्ही आत जाऊन बसा. रांग अडलीय."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळेच. जा तुम्ही. मी बघते."

मी आत गेलो आणि माझ्या खुर्चीत बसलो. चोवीस वर्षांत शाळा सुटायच्या वेळी मी कधी खुर्चीत बसलो नव्हतो. बाहेर जोलीनची शिट्टी खणखणीत वाजली, गाड्या एकामागून एक निघाल्या, आणि मला उठून बघायला जावंसं वाटलं नाही.